सध्याचा एक फोटो

इंदुमती चौगुले यांच्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नाही, आणि त्याला कारण होतं माझं तोंड.

पत्र आलं त्या दुपारी मी आरामखुर्चीत डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडलो होतो. पापण्यांच्या आत कोणी चिमूटभर रवा टाकून ठेवलाय, असं तेव्हा सारखं वाटायचं. हल्ली तर मी नुसता सांगतो आणि लिहून घ्यायला दुसरं माणूस लागतं. हेही तसंच लिहून घेतलं जातंय, तेव्हा चुका राहिल्या तर त्या माझ्या, आणि अक्षर चांगलं असेल तर ते माझं नाही.

जिन्यातून त्रिशलानं हाक मारली. त्रिशला माझ्या पुतण्याची बायको. माझं लग्न राहूनच गेलं, त्यामुळे सांगलीत पुतण्याच्याच घरी, माडीवर माझी खोली.

"अण्णा, पत्र आलंय तुमचं. आणि हातानं लिहिलेलं!"

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मी रुमाल बाजूला ठेवून उठून बसलो.

'श्री. उपाध्ये यांस, सप्रेम जय जिनेंद्र. मी आता जयसिंगपूरला, आईच्या घरी राहायला आले आहे. हे जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. पुस्तकं भरपूर आहेत, पण मला मनात वाचता येत नाही. ती सवय आपल्या छापखान्यानं लावली. मोठ्यानं वाचते आणि ऐकायला भिंती. एखाद्या रविवारी येता का? स्टँडवर घ्यायला येईन. इतक्या वर्षांत तुम्ही कसे दिसता कोण जाणे. भलत्याच माणसाला घरी नेलं तर पंचाईत, म्हणून सध्याचा एक फोटो पाठवा. इंदुमती चौगुले.'

आता सांगलीहून जयसिंगपूर ते किती लांब? एसटीत बसून तिकीट खिशात घालावं, तोवर येतं. पण माझं मन 'सध्याचा एक फोटो' या शब्दांवर जाऊन बसलं ते हलेना. मी भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहिलो. गालांवरची कातडी, डब्यात विसरलेल्या पेरूसारखी. डोळे लाल. कपाळावर आठ्या, आणि त्या आठ्यांनाही बारीक आठ्या. हे टपालानं पाठवायचं?

छापखान्यात इंदुमतीबाई आणि मी एकाच टेबलाशी बसायचो. मी मुद्रितं तपासायचो आणि त्या समोर बसून मूळ लिखाण मोठ्यानं वाचायच्या, विरामचिन्हांसकट. "राजा म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण सुरू, थांब, उद्गारचिन्ह." मी पेन्सिलीची एक टिचकी टेबलावर मारली की 'पुढे', दोन मारल्या की 'पुन्हा'. बारा-तेरा वर्षं आम्ही असं बोललो. सगळी वाक्यं दुसऱ्यांची. माझ्या स्वतःच्या वाट्याला टिचक्या. मग त्यांचं लग्न ठरलं. पत्रिका आमच्याच छापखान्यात छापली आणि तपासली मी. एकही चूक राहू दिली नाही.

असो. पत्र मी सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि ठरवलं की आधी तोंडाचं काहीतरी बघायचं, मग फोटो, मग उत्तर.

तोंडाचं बघण्याची सोय घरातच होती. त्रिशला तेव्हा कुठल्याशा कंपनीच्या डब्या, बाटल्या आणि कॅप्सूल विकत असे. 'वाढत्या वयातही निरोगी त्वचा, टवटवीत डोळे' असं तिच्या पिशवीवर लिहिलेलं होतं. तिच्या भिशीतल्या सगळ्या बायका तिच्या गिऱ्हाईक. एका संध्याकाळी ती छापायला द्यायचं माहितीपत्रक घेऊन वर आली.

"अण्णा, एवढं तपासून द्याल? कंपनीच्या पुण्याच्या बाईंनी मराठी करून पाठवलंय. पहिल्याच पानावर 'तवचा' लिहिलंय बघा."

"ठेव."

"डोळे दुखत असतील तर राहू दे हं."

"ठेव म्हटलं ना."

"मग मजुरी काय घ्याल?" ती हसत म्हणाली.

मी जमिनीकडे बघत होतो. "मजुरी नको. त्यातली... एखादी डबी..."

"कुणाला पाहिजे?"

"मलाच."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग ओट्यावर पातेल्यांची झाकणं पडावीत तशी हसली, पण त्यात कुचेष्टा नव्हती. पहिला पुरुष गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद होता. "अण्णा! तुम्ही बघाच! दिवाळीपर्यंत तुम्हाला अभिनंदनचा थोरला भाऊ म्हणून खपवते का नाही!" अभिनंदन म्हणजे तिचा नवरा, माझा पुतण्या.

त्या रात्री न जागता, दुसऱ्या दिवशी उजेडात, मी ते पत्रक तपासलं. आमच्या कामाची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. मुद्रित तपासणारा अर्थ वाचत नाही. अर्थात शिरला की अक्षरं निसटतात, म्हणून आम्ही शब्दांकडे भिंतीतल्या विटांसारखं बघतो. वीट सरळ आहे का, चुना नीट लागलाय का, एवढंच. भिंतीपलीकडे देऊळ आहे की तबेला, हे मालक बघेल. मी उभ्या आयुष्यात काही हजार पुस्तकं तपासली असतील, पण त्यातल्या बहुतेकांत काय होतं ते विचारलंत तर मला सांगता येणार नाही. ते पत्रक मी लाल शाईनं न्हाऊ घातलं आणि निर्दोष करून दिलं. त्रिशलानं ते तसंच छापून आणलं. स्वतः वाचलं नाही. "अण्णांनी बघितल्यावर मी आणि कशाला बघू?"

मग माझा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी तोंडाला एक मलम, उन्हात जायचं तर त्यावर दुसरं, संध्याकाळी तिसरं. आठवड्यातून एकदा मुखवट्यासारखा ओला कागद तोंडावर पसरायचा आणि हलायचं नाही. शिवाय डोळ्यांचा कोरडेपणा आणि कातडी दोन्हीला एकदम गुण येईल अशा कॅप्सूल, सोनेरी, पारदर्शक, दिव्यासमोर धरल्या तर मधासारख्या दिसणाऱ्या. कॅप्सूल रात्री जेवणानंतर घ्यायची होती. आमच्याकडे सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, म्हणून मी ती दिवस मावळायच्या आत, गाळलेल्या पाण्याबरोबर घ्यायचो. असल्या बाबतीत आमचं घर फार काटेकोर. माझे वडील बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा करायचे. कांद्याची साल कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाही.

कॅप्सूलनं एकच व्हायचं. ढेकर चमत्कारिक यायची. मी त्रिशलाला तसं दबकत सांगितलं.

"औषध कामाला लागलंय अण्णा, त्याची खूण असते ती," ती म्हणाली.

आणखी एक गंमत म्हणजे शेजारच्या शिंद्यांचं मांजर. एरवी मला बघून पळणारं ते मांजर रोज संध्याकाळी माडीवर येऊन माझ्या मांडीवर बसू लागलं. माझ्या तोंडाकडे एकटक बघायचं. इतक्या प्रेमानं माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, मलमाचा गुण दिसायला लागला.

डोळ्यांसाठी त्रिशला मला कोठावळे नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तरुण होत्या, मोकळ्या हसायच्या. त्यांनी डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं.

"आजोबा, काम काय करायचात?"

"मुद्रितं तपासायचो."

"तरीच. तुम्ही पापणी मिटायचीच विसरता. रोखून बघणाऱ्यांचं असं होतं. डोळ्यांतलं पाणी सुकून जातं." त्यांनी एक छोटी बाटली पुढे केली. "हे थेंब. कृत्रिम अश्रू म्हणतात याला."

"अगं बाई, अश्रूही विकतच?" त्रिशला म्हणाली.

"खरे येत नाहीत तोवर विकतचे. कोमट पाण्याच्या फडक्यानं शेका, पंख्याखाली बसू नका, आणि वाचन कमी करा. घरात कोणी वाचून दाखवणारं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. पत्र तेव्हाही माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.

त्रिशलानं कॅप्सूलचा विषय काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाला गुण येतो, कुणाला काहीच होत नाही. आत काय आहे ते एकदा नीट वाचून घ्या म्हणजे झालं."

"आमच्या अण्णांनी अक्षर न् अक्षर वाचलंय!" त्रिशला अभिमानानं म्हणाली, आणि मी विनयानं मान खाली घातली.

भाद्रपदात पर्युषण पर्वाला रत्नाक्का आली. माझी थोरली बहीण, दानोळीची. पर्वाचे दहा दिवस ती दरवर्षी आमच्याकडे राहते, रोज बस्तीत जाते, एकवेळ जेवते आणि बाकीचा वेळ आम्हाला सुधारते. ती येणार ते मला माहीत होतं, पण दुपारच्या गाडीनं येईल असं वाटलं नव्हतं. मी तोंडावर ओला कागद पसरून आरामखुर्चीत पडलो होतो आणि मांजर मांडीवर.

"अगं बाई गं! कोण रं तू?"

"अक्का, मी." कागदामुळे ओठ हलवता येईनात.

"शांत्या? तोंडाला काय झालं रं? भाजलं काय?"

त्रिशला धावत वर आली. "काही नाही झालं अक्का. सुरकुत्या जायला लावलंय."

"सुरकुत्या?" अक्कानं पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर पाटावर ठाण मांडलं. "जाऊन जाऊन कुठं जाणार त्या? फिरून तुझ्याचकडं येणार. ह्या वयात कुणाला दाखवायचंय तोंड?"

मी गप्प. कागदाचा तेवढा फायदा.

अक्का मांजराकडे बघून जरा निवळली. "पण मांजर बघ कसं बसलंय. मुक्या जनावराला माणूस कळतो. मनानं चांगलाच आहेस तू, फक्त डोकं नाही."

त्याच संध्याकाळी तिनं मला हातानं पाणी गाळून दिलं, कॅप्सूल घेण्यासाठी. "पर्वात औषध घ्यावं लागतंय तर निदान पाणी तरी शुद्ध घे," म्हणाली. मग सोनेरी कॅप्सूलकडे जरा बघत राहिली. "हे कशाकशावर चालतं?"

"डोळे, कातडी आणि सांध्यांवर पण म्हणतात," त्रिशला म्हणाली.

"असं," अक्का म्हणाली, आणि तो विषय तिथंच थांबला, असं आम्हाला वाटलं.

दोन दिवसांनी जेवताना तिनं सहज बातमी दिली. "शांत्या, तुमच्या छापखान्यातली ती चौगुल्यांची इंदुमती आठवती का? इकडं येताना जयसिंगपूरच्या बस्तीत भेटली. आईचं घर विकून लेकाकडं पुण्याला जाणार म्हणत होती."

माझा घास हातात राहिला. "का?"

"कोण हाय म्हणून इथं राहू, म्हणती. दिवाळी झाली की जाणार. बाई तशीच खणखणीत हाय. बोलाय लागली की देवळात घुमतंय."

त्या दुपारी मी मुजावरांच्या स्टुडिओत गेलो. घाईत सकाळचं मलम आणि उन्हाचं मलम दोन्ही जास्त झाली असावीत. मुजावर जुने, माझ्याच वयाचे. त्यांनी दिवे लावले आणि कॅमेऱ्याआडून डोकं बाहेर काढलं.

"उपाध्ये, तोंडाला काय चोपडलंय? दिवा माझ्याकडंच परत येतोय की."

"पुसू का?"

"राहू दे, संगणकावर बघतो. पापणी हलवू नका बरं का."

पापणी न हलवणं हा तर माझा धंदाच. मी रोखून बघितलं. डोळ्यांची आग आग झाली.

"आता टच-अप करतो. किती वर्षं कमी करू?" मुजावरांनी विचारलं, भाजीवाला विचारतो तसं.

"जितकी... बरी दिसतील तितकी."

फोटो घरी आणला. त्यात एक गुळगुळीत, पांढरट, लाल डोळ्यांचा गृहस्थ समोर बघत होता. एकही सुरकुती नव्हती. ओळखीचंही काही नव्हतं. अक्कानं तो हात लांब करून निरखला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "आता हार तेवढा घाला."

त्रिशला पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी फोटो टेबलाच्या खणात पालथा ठेवला. स्टँडवर इंदुमतीबाई हा फोटो हातात घेऊन उभ्या आहेत आणि मी त्यांच्यासमोरून चालत जातोय, त्या फोटोकडे बघताहेत, माझ्याकडे बघताहेत आणि तोंड फिरवताहेत, असं मला दिसू लागलं. मी स्वतःची समजूत घातली की पुण्याला त्यांचा मुलगा आहे, नातवंडं असतील, तिथं त्या सुखी होतील. मला असल्या समजुती चांगल्या घालता येतात.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. वर्षभरात कळत नकळत जे बोललो, जे वागलो त्याची. लहान मोठ्यांची मागतात, मोठे लहानांची, आणि शेवटी सगळ्या जीवजंतूंची. बस्तीतून आल्यावर अक्का माडीवर बसली होती. त्रिशलानं वाकून नमस्कार केला.

"अक्का, काही चुकलं असेल तर क्षमा करा."

"तूही मला कर. कॉफीत साखर कमी घालतीस म्हणून मी मनात लई बोलले तुला."

मांजर आलं आणि या वेळी माझ्या नव्हे, अक्काच्या मांडीवर चढलं. तिच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगू लागलं. अक्का दचकली.

"हे माझ्याकडं का येतंय? शांत्या, तुझ्या गोळ्यांचं कागद आण बघू. ह्याला वास कसला येतोय, बघू दे मला."

"तुमचा काय संबंध गोळ्यांशी?" त्रिशलानं विचारलं.

"तू आण तर."

मी छापील पत्रक दिलं. अक्का माझ्यासारखी वाचत नाही. ती ओळीखाली बोट ठेवून, शब्द शब्द तोंडानं म्हणत वाचते, आणि प्रत्येक शब्दाला 'म्हणजे काय' असं विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

"'या कॅप्सूलमध्ये... खोल समुद्रातील... शुद्ध माशांच्या... तेलापासून...'"

बोट थांबलं.

मांजराची घुरघुर तेवढी चालू होती.

"माशांच्या," अक्का पुन्हा म्हणाली.

मला ती ओळ डोळ्यांसमोर दिसली. तीच ओळ. तिच्यात 'तेलापासून'मधला एक काना गळला होता. तो मी लाल शाईनं, फार सुबक, जागच्या जागी घातला होता. बाजूला समासात बरोबरची खूणही केली होती. मासे मात्र माझ्या समोरून पोहत गेले होते.

त्रिशला मटकन खाली बसली. "अण्णा! तुम्ही वाचलं होतं ना?"

"तपासलं होतं," मी म्हणालो. वडिलांचा चेहरा आठवत होता. "वाचलं नव्हतं. तू?"

"तुम्ही वाचलंय म्हणून मी नाही वाचलं!"

आमच्या तिघांपैकी कुणाला माशाचा वास ओळखता येणार होता? तो ओळखला मांजरानं आणि महिनाभर प्रामाणिकपणे आम्हाला सांगत राहिलं. आम्ही त्याला माझ्या मनाचा चांगुलपणा समजलो.

मी अक्कापुढे हात जोडले. "अक्का, मोठा दोष घडला माझ्या हातून. पर्वात. तुझ्याच हातचं पाणी पिऊन."

अक्का पत्रकाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना. ती रागावेल, उठून गावी जाईल असं वाटत होतं.

"अक्का, बोला ना काहीतरी," त्रिशला रडवेली झाली.

"काय बोलू?" अक्का हळूच म्हणाली. "मी बी खाल्ल्या की."

"काय?"

"गुडघ्याला. रोज एक. तुम्ही खाली गेलात की." तिनं मांजराकडे बघितलं. मांजरानं तिच्याकडे. "मला वाटलं, हे पण माझा चांगुलपणाच बघून आलंय."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक मीच. पोटातून काहीतरी वर आलं आणि ते ढेकर नव्हतं. मी हसलो, तसा आयुष्यात कधी हसलो नव्हतो, टेबलाला धरून, वाकून, आवाज न फुटता. अक्का "अरे हसू नकोस, पाप आहे, पाप आहे" म्हणत स्वतःच हसत होती आणि तिचा चष्मा मांजराच्या पाठीवर पडला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घळाघळा. गालावरून, हनुवटीवरून, सदऱ्यावर. ते बाटलीतलं नव्हतं. कितीतरी महिन्यांनी पापण्यांखालचा रवा धुऊन निघाला.

(लिहून घेणाऱ्या व्यक्तीलाही इथे हसू आवरेना, म्हणून आम्ही थोडा वेळ थांबलो आणि चहा घेतला.)

"हे बघा," अक्का डोळे पुसत म्हणाली. "उद्या आपण दोघांनी बस्तीत जाऊन सांगायचं आणि एकाशन करायचं, दिवसातनं एकदाच जेवायचं. घडलं ते अजाणता घडलं. आणि आज क्षमावाणी हायच, तर आता समुद्रातल्या माशांचीबी क्षमा मागा. हात जोडा."

आम्ही तिघांनी हात जोडले आणि मनापासून माशांची क्षमा मागितली. त्या गोळ्या त्रिशलानं परत पाठवल्या आणि पत्रकातली ती ओळ पुढच्या खेपेला पहिल्या पानावर, ठळक अक्षरात छापायला लावली. अक्कानं जाताना डोळ्यांसाठी म्हणून जवसाची चटणी कुटून दिली. ती अजून आमच्याकडे रोज लागते.

पण ते नंतरचं. तेव्हा त्रिशला आपल्या मोबाईलकडे बघत होती. "अण्णा, हे बघा. मी काढला आत्ता, तुम्ही हसत होता तेव्हा."

मी बघितलं. त्या फोटोत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुरकुत्या एकत्र जमल्या होत्या, लग्नाला पाहुणे जमतात तशा. दात दिसत होते, एक पडलेला तोही दिसत होता. डोळे ओले, बारीक आणि चकाकत होते. हा माणूस ओळखीचा होता.

मला काय झालं कोण जाणे, मी खिशातून पत्र काढलं आणि त्रिशलाला दिलं. "मोठ्यानं वाच."

"कुणाचं आहे?"

"वाच."

तिनं वाचलं. मी ते पत्र इतक्या वेळा बघितलं होतं की कुठली वेलांटी कुठे वळते ते मला पाठ होतं. पण कानावर ते त्या दिवशी पहिल्यांदा पडलं. 'मोठ्यानं वाचते आणि ऐकायला भिंती.' त्रिशला तिथं थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंना मी काय उत्तर दिलं होतं, ते तिलाही आठवलं असावं.

अक्का मात्र मला मारायलाच उठली. "गाढवा! बाई घर विकाय निघाली आणि तू तोंडाला रंग लावत बसलायस? फोटो कशाला मागतंय कोण? फोटो मागायचं म्हणजे ये म्हणायचं असतंय!"

"अक्का, पण आता इतके दिवस झाले. काय म्हणून लिहू?"

"आज कोणता दिवस हाय? आजच्या दिवशी सगळं जग सगळ्या जगाला लिहितंय. एक तुझंच जड झालंय व्हय टपालाला?"

अभिनंदन ऑफिसातून येताना तो फोटो मुजावरांकडून कागदावर काढून घेऊन आला. टच-अप करू नका असं निक्षून सांगितलं होतं, त्यावर मुजावरांनी निरोप पाठवला होता की याला तर काही करायलाच नको.

उत्तर मी त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत लिहिलं. चार ओळींचं. काय लिहिलं ते इथं सांगणार होतो, पण लिहून घेणाऱ्या बाई म्हणतात की सांगू नका, ते मला पाठ आहे, आणि माझ्या सांगण्याची वाट न बघता त्यांनीच खाली उतरवून घेतलं:

'श्रीमती इंदुमतीबाई यांस, उत्तम क्षमा. उत्तराला उशीर झाला, कारण भेटीत सांगेन, त्यात एक मांजर आहे. माझे डोळे आता वाचू देत नाहीत. कान शाबूत आहेत. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, पुस्तक तुम्ही निवडा. घर विकायचं जरा थांबवता आलं तर पाहावं. सध्याचा एक फोटो सोबत आहे. शांतिनाथ उपाध्ये.'

पाकिटाला डिंक लावून मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. मागून अक्का आणि त्रिशला आल्याच होत्या, मी परत फिरेन या भीतीनं, आणि त्यांच्या मागून मांजर. पाकीट फटीत घातलं, पण बोटं सुटेनात. फोटो परत एकदा बघावा असं वाटलं. पत्त्यातलं एखादं अक्षर चुकलं असेल, असं वाटलं.

"सोड," अक्का म्हणाली.

मी सोडलं. आत पाकीट पडल्याचा आवाज झाला. मग मी जरासा पुढे झुकलो आणि त्या लाल पत्र्यावर बोटानं एकच टिचकी मारली.